इन्सुलिनची कुपी : घरात आणि प्रवासात

टाइप १ मधुमेह असलेल्या बालकाला रुग्णालयातून प्रथम घरी पाठविताना आम्ही डॉक्टर मंडळी बरेच काही सांगतो. मात्रा किती, सुई कोठे टोचावी, साखर उतरली तर काय द्यावे, हे सारे वहीत लिहून देतो. औषध कोठे ठेवायचे याविषयी मात्र जाता जाता एकच वाक्य उच्चारले जाते : "फ्रीजमध्ये ठेवा." हे वाक्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि अपुरे असल्यामुळेच कधी कधी घातक ठरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढणाऱ्या आणि जानेवारीच्या पहाटे ३-४ अंशांवर येणाऱ्या आपल्या ग्वाल्हेरसारख्या गावात तर या विषयाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे अगत्याचे आहे. येथे जे लिहीत आहे ते मुख्यतः इन्सुलिन घेणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी. घरातील वडीलधाऱ्या मधुमेही मंडळींनाही त्यातील बहुतेक भाग लागू पडेल.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींशी जोडल्या जाऊन त्यांची एक विशिष्ट घडी बनते आणि त्या घडीवरच औषधाचा गुण अवलंबून असतो. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. तेव्हापासून औषध कितीतरी शुद्ध झाले, परंतु प्रथिनाचा नाजूकपणा काही गेला नाही. उष्णतेने ही घडी हळूहळू, दिवसागणिक बिघडते. कुपी जोराने हलविली तरी प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटू लागतात. आणि गोठले तर एका रात्रीत सारा खेळ आटोपतो. नासलेले दूध पुन्हा थंड करून जसे चांगले होत नाही, तसेच गोठून वितळलेले इन्सुलिन पूर्ववत होत नाही. पालकांच्या मनात भीती असते ती उन्हाची. माझ्या पाहण्यात मात्र अधिक फसवे नुकसान बर्फाने झालेले आहे, कारण उन्हापासून सारे जपतात, पण थंडीवर सारे विश्वास टाकतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नऊ वर्षांची एक मुलगी आईवडिलांबरोबर ऐन मे महिन्यात पुण्याकडे लग्नाला गेली. मुलीला मधुमेह आहे हे नातेवाइकांना सांगितलेले नव्हते. इन्सुलिनची पेने "ताकदीची इंजेक्शने" म्हणून यजमानांच्या फ्रीजमध्ये ठेवली होती. घरच्या काकूंनी मायेनेच, औषध उन्हाळ्यात खराब होऊ नये म्हणून, ती उचलून बर्फाच्या कप्प्यात ठेवली. सकाळी आईने ती बाहेर काढली. वितळल्यावर द्रव अगदी स्वच्छ दिसला, म्हणून टोचला. साखर चढू लागली तेव्हा दोष श्रीखंडाला आणि जिलबीला देण्यात आला. तिसऱ्या दिवशी उलट्या, धाप आणि ग्लानी अशा अवस्थेत मुलीला रुग्णालयात दाखल करावे लागले. ती वाचली, आज महाविद्यालयात शिकते आहे. आजार लपविण्यामागची पालकांची चिंता मला समजते, विशेषतः मुलगी असली म्हणजे. पण ज्या घरी मुक्काम करायचा, त्या घरातील निदान एका जाणत्या व्यक्तीला औषध कोणते आहे हे कळलेच पाहिजे. डब्यावर मोठ्या अक्षरांत "इन्सुलिन. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये" असे लिहिलेले असावे.

आता घरच्या फ्रीजकडे वळू. न उघडलेल्या कुप्या आणि पेने २ ते ८ अंशांत ठेवावयाची असतात. तशी ठेवल्यास वेष्टनावरील मुदतीपर्यंत ती टिकतात. परंतु फ्रीजचे सर्व कप्पे सारखे थंड नसतात. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालील तबक हे गोठण्याचे हमखास ठिकाण. दोन दारांच्या फ्रीजमध्ये मागील भिंतीलगत, जेथून थंड वारा येतो, तेथे ठेवलेली वस्तूही गोठू शकते. उलट दारातील खण दिवसातून पन्नास वेळा उघडमीट होऊन तापतात. तेव्हा मधला कप्पा, भिंतीपासून चार बोटे अंतर आणि झाकणाचा डबा, ही सर्वांत बरी जागा होय. फ्रीजच्या चकतीवरील आकडे अंश दाखवीत नाहीत, बहुतेक फ्रीजमध्ये आकडा मोठा म्हणजे थंडावा अधिक एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे उन्हाळ्यात फिरवलेली ही चकती थंडीत मागे फिरवायची राहून जाते आणि डिसेंबर-जानेवारीत, फ्रीजमध्ये फारसे सामान नसताना, भाजी कडकडीत होते. ज्या फ्रीजमध्ये कोथिंबीर गोठते, त्यात इन्सुलिनही गोठते. स्वस्तातला एखादा थर्मामीटर डब्याशेजारी ठेवावा. लसी सांभाळणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना यात नवीन काही वाटणार नाही. फरक एवढाच की पोलिओच्या कुपीवर उष्णतेने रंग बदलणारा चौकोन असतो, आपल्याकडे मिळणाऱ्या इन्सुलिनच्या कुपीवर तो नसतो. तिचा पहारा आपल्यालाच करावा लागतो.

वापरात असलेली कुपी वा पेन मात्र फ्रीजमध्येच असले पाहिजे असे नाही. साधारण २५ ते ३० अंशांपर्यंतच्या खोलीत ते बाहेर चालते, आणि थंडगार इन्सुलिन टोचताना मुलांना अधिक दुखते हेही खरे. बहुतेक प्रकारांना उघडल्यापासून ४ आठवड्यांची मुदत असते. काहींना ती अधिक असते, जसे डेग्लुडेकला ५६ दिवस. आपल्या औषधाची मुदत माहितीपत्रकात पाहून घ्यावी आणि उघडल्याची तारीख कुपीवर लिहावी. ही मुदत केवळ गुण टिकण्यापुरती नाही. रबरी बुचातून रोज सुई आत जाते, त्यामुळे जंतुसंसर्गाचाही प्रश्न असतो.

येथे लहान मुलांच्या बाबतीत एक अडचण येते, जी मोठ्यांच्या बाबतीत सहसा येत नाही. आपल्याकडील १० मिलिलिटरच्या कुपीत, ४० च्या शक्तीचे असेल तर, ४०० युनिटे असतात. बारा किलोच्या बालकाला एका प्रकारचे इन्सुलिन दिवसाला जेमतेम ५ युनिटे लागते. म्हणजे कुपी ८० दिवस पुरते, आणि मुदत संपते २८ दिवसांत. १४० युनिटे वापरून २६० फेकून द्यावयाची! हातावर पोट असलेला बाप ती फेकत नाही, आणि त्याला नुसते "फेका" म्हणून सांगणे हा अर्धवट सल्ला होय. अशा घरात उघडलेली कुपीही फ्रीजमध्येच ठेवावी, शक्य तेथे ३ मिलिलिटरचे कार्ट्रिज आणि अर्ध्या युनिटाचे पेन वापरावे, सरकारी रुग्णालयाच्या औषधवाटपात चौकशी करावी. मुदत उलटलेली कुपी नाइलाजाने वापरात असेल तर निदान डॉक्टरांपासून ती गोष्ट लपवू नये. वाढलेल्या साखरेचा अर्थ लावताना ती माहिती फार मोलाची असते.

ज्या घरी फ्रीज नाही, किंवा जेथे वीज तासन्‌तास जाते, तेथे काय? येथे आपला जुना माठ कामास येतो. मोठ्या मडक्यात लहान मडके बसवावे, मधल्या जागेत वाळू भरून ती सकाळ-संध्याकाळ भिजवावी, लहान मडक्यात कुपी कोरड्या डबीत ठेवावी आणि वर ओले फडके घालावे. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून घेते, ती मडक्याच्या आतून येते. आपल्याकडे लू चालते तेव्हा हवेचे तापमान ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा पारा २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकतो. मडक्यात प्रत्यक्ष २७-२८ मिळाले तरी पुष्कळ झाले. मात्र मडके सावलीत, वारा खेळता असेल अशा ठिकाणी हवे. कूलर चालू असलेल्या खोलीची हवा आधीच दमट असते, तेथे माठाचे काम मंदावते. हेच मडके मे महिन्यात रत्नागिरीला आजोळी नेले, तर फारसे उपयोगी पडणार नाही. तेथे ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना ओले फडकेसुद्धा २८ च्या खाली उतरत नाही. लष्करातील ज्यांचे जुने वाडे अजून उभे आहेत, त्यांच्या जाड भिंतींच्या, तळमजल्यावरील खोल्याही औषधाला मानवतात.

या बाबतीत अलीकडील संशोधनाने थोडा दिलासा दिला आहे. केनियातील दादाब निर्वासित छावणीत घरातील तापमान २५ ते ३७ अंशांत वरखाली होते. तशा तापमानात इन्सुलिन ४ आठवडे ठेवले असता त्याची शक्ती फ्रीजमधील इन्सुलिनइतकीच राहिली, असे जिनिव्हा विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांच्या २०२१ मधील अभ्यासात आढळले. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यानेही न उघडलेल्या मानवी इन्सुलिनचे काही प्रकार २५ अंशांपर्यंत ६ महिने आणि ३७ अंशांपर्यंत २ महिने गुणात लक्षणीय घट न होता राहू शकतात, असा निष्कर्ष काढला. तेव्हा एक दुपार वीज गेली म्हणून घाबरून कुपी बर्फात बुडवू नये. फ्रीजचे दार बंद ठेवावे, एवढे पुरे. परंतु हे सारे ३७ अंशांपर्यंतचे आहे. उन्हात उभ्या मोटारीत किंवा स्कूटरच्या डिकीत तापमान ५० च्या वर जाते, तेथे या संशोधनाचा आधार घेता येत नाही. दुकानातून औषध घेतले की थेट घर गाठावे, वाटेतील भाजीबाजार नंतर करावा.

कुपी बिघडली हे ओळखावे कसे? पाण्यासारखे स्वच्छ असणारे इन्सुलिन गढूळ दिसले, किंवा दुधाळ प्रकारात तळहातांमध्ये हलके फिरविल्यावरही गुठळ्या राहिल्या, काचेला आतून भुकटी चिकटलेली दिसली, तर ते वापरू नये. पण दिसण्यात दोष नाही म्हणजे गुण शाबूत आहे असे मुळीच नव्हे. खरी खूण रक्तातील साखर देते. खाणे, खेळणे, मात्रा नेहमीचीच, ताप नाही, टोचण्याच्या जागी गाठ नाही, आणि तरी साखर दिवसभर चढीच राहिली, तर नवी कुपी उघडावी. जुन्याच कुपीची मात्रा मनाने वाढवीत जाऊ नये. पालकांइतकेच हे माझ्या व्यवसायबंधूंसाठीही आहे. निम्मे बळ गेलेल्या इन्सुलिनची मात्रा दीडपट झाली आणि आठवड्याने घरी नवी कुपी आली, तर तीच दीडपट मात्रा पूर्ण शक्तीने लागू पडते आणि मूल रात्री झोपेत साखर उतरून झटके देऊ लागते. कुपी बदलली की मात्रा मूळच्या आकड्यावर आणावी व एक-दोन दिवस रात्रीही तपासणी करावी. वारंवार लघवी, तहान, पोटदुखी, उलट्या, खोल श्वास किंवा लघवीत कीटोन आढळले, तर कुपीची परीक्षा करीत न बसता मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

प्रवासात मुख्य नियम असा की इन्सुलिन नेहमी स्वतःजवळ असावे आणि लागेल त्याच्या दुप्पट असावे, तेही दोन पिशव्यांत विभागलेले. पंजाब मेलच्या साध्या शयनयान डब्यात दुपारी खिडकीकडची बाजू तव्यासारखी तापते. रुंद तोंडाचा थर्मास गार पाण्याने विसळून, कोरडा करून त्यात फडक्यात गुंडाळलेली पेने ठेवल्यास रात्रीपर्यंत चिंता नाही. शीतपेटी वापरायची तर बर्फाची पिशवी फ्रीझरमधून काढल्याबरोबर आत ठेवू नये, ती त्या वेळी शून्याच्या पुष्कळ खाली असते. लसीकरणात आपण करतो तसेच करावे : पिशवी बाहेर ठेवावी, तिला घाम फुटू द्यावा, हलविल्यावर आत पाणी खळखळले की मग जाड कापडाचा पदर मध्ये घालून वापरावी. घरपोच आलेले इन्सुलिनही अशाच कडक गोठलेल्या पिशवीला चिकटून आले असेल तर परत करावे.

विमानात ते सामानाच्या पोटात देऊ नये, तेथे गोठण्याची भीती असते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. सुरक्षा तपासणीच्या क्ष-किरणांनी औषध बिघडत नाही. बद्रीनाथ-केदारनाथला जाणाऱ्यांनी पेन स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावे आणि रात्री पांघरुणात घ्यावे. साखर तपासण्याच्या पट्ट्यांना मात्र ऊन आणि ओल दोन्ही बाधतात. त्या फ्रीजमध्ये नव्हे, तर मूळ डबीत, झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवाव्यात. पट्टी बिघडली असेल तर आकडाच खोटा येतो आणि मग कुपीविषयी काहीच ठरविता येत नाही.