प्रवासात कुत्रा हरवला तर...

दिवाळीच्या सुट्टीत कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरून आम्ही पोफळीजवळ चहाला थांबलो. मुलाने गाडीचं दार उघडलं, तेवढ्यात जवळच सुतळी बॉम्ब फुटला. आमचा मोती पट्ट्यातून मान सोडवून झाडीत पळाला. आम्ही सगळे हाका मारत मागे धावलो. इथेच चुकलं!

घाबरलेला कुत्रा कधी कधी घरच्या माणसालाही जुमानत नाही. मागे धावणारा माणूस म्हणजे धोका, एवढंच त्याला कळतं. टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, "आरडू नका, हितंच बसा." अंधार पडल्यावर आम्ही ऐकलं. जिथून तो पळाला तिथे त्याची गोधडी आणि पाणी ठेवलं, रात्र गाडीत काढली. पहाटे रहदारी थांबलेली असताना मोती गोधडीपाशी आला. मुलगा झेप घेणार होता, मी त्याचा हात धरला. मग मी पाठमोरी खाली बसले आणि त्याच्याकडे न बघता बिस्किटाचे तुकडे टाकत राहिले. बराच वेळ गेला, पण तो आपणहून जवळ आला.

आता दार उघडण्याआधीच दोरी हातात असते. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकीच जागा ठेवतो, शिवाय छातीचा हार्नेसही घालतो. तेव्हा त्याच्या बिल्ल्यावर घरचा पत्ता होता, आणि घराला कुलूप! आता मोबाईल नंबर आहे. मायक्रोचिपबद्दल पालक नेहमी विचारतात. तिच्यात फक्त ओळख क्रमांक असतो, तोही यंत्राने वाचावा लागतो. कुत्रा कुठे आहे हे ती सांगत नाही.

वर्गात जाहिरात लेखन शिकवताना मी 'कुत्रा हरवला आहे' हा विषय दिला. एकीने लिहिलं, 'आमचा लाडका, हुशार टॉमी'. मी विचारलं, "अगं, रस्त्यावरच्या माणसाला लाडका कसा ओळखू येणार?" मग मुलांनीच मुद्दे काढले: रंग, उंची, ठिकाण, वेळ, मोठ्या अक्षरांत फोन नंबर, आणि 'पाठलाग करू नका, दिसताच फोन करा'. एका मुलाने तर सुचवलं, "बाई, एक खूण लिहायचीच नाही. फोन करणाऱ्याला ती विचारायची, म्हणजे कोणी फसवणार नाही." हे मलाही सुचलं नव्हतं.