बलात्काराच्या खटल्यात निकाल कशावर फिरतो?

कायद्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी देसाईगंजचे प्रकरण मुळातून वाचावे. २६ मार्च १९७२ च्या रात्री त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील या गावी, पोलीस ठाण्याच्या आवारातच, एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी दोन पोलीस. (खटला तिच्याच नावाने ओळखला जातो, पण पीडितेचे नाव छापण्यास कायद्याने मनाई आहे, म्हणून येथे देत नाही.)

वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री झाली. अंगावर जखमा नाहीत, पूर्वी शरीरसंबंध आलेला आहे, अशी नोंद झाली. १९७४ साली सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले आणि मुलीलाच खोटारडी ठरविले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरविला. धाकापुढे निमूट होणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून एका आरोपीस पाच वर्षे व दुसऱ्यास विनयभंगासाठी एक वर्ष शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. कारण काय, तर जखमा नाहीत, आरडाओरडाही नाही! पुरावा तोच होता. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ तेवढा बदलत गेला. रात्री ठाण्यातच ओरडायचे, तर मदतीला बोलवायचे कोणाला?

१९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार व रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीशी संबंध सिद्ध झाला व तिने संमती नाकारली, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरायचे. किमान शिक्षाही ठरली : सात वर्षे, पोलीस आरोपी असल्यास दहा. मात्र 'पुरेशी व विशेष कारणे' दाखवून त्याहून कमी शिक्षा देण्याची पळवाट २०१३ पर्यंत उघडी होती. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती ठरत नाही, हेही २०१३ सालीच कायद्यात आले. भारतीय न्याय संहितेत ते कायम आहे.

कायदा बदलला तरी खटला उभा राहतो तो पहिल्या दोन-तीन दिवसांच्या कागदांवर. पीडिता अनुसूचित जाती-जमातीची असल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो. त्यासाठी तिची जात आरोपीला ठाऊक होती ही गोष्ट फिर्यादीतच लिहून घ्यावी. तपासणीला उशीर करू नये. अंगावरचे कपडे धुऊ नयेत, कागदात गुंडाळून द्यावेत. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.