शॉकअप बदलताना बोल्ट तुटल्यास काय करावे?

मुदखेडची फुले आणि अर्धापूरची केळी बाजारात पोचतात ती पिकअप व टेम्पोच्या भरवशावर. शॉकअप निकामी झाले की गाडी उसळते, माल चेपतो आणि ब्रेक लावताना चाक रस्ता नीट धरत नाही. शॉकअप बदलणे तसे सोपे आहे. मात्र गंजलेला बोल्ट तुटला तर तासाभराच्या कामाला दिवस लागतो.

बोल्ट का तुटतो?
काळ्या मातीचा चिखल बोल्टाभोवती ओलावा धरून ठेवतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आटे घट्ट आवळले जातात. अशा वेळी नुसता जोर लावला की बोल्ट पिळून तुटतो.

आधीची तयारी
१) आदल्या दिवशी चिखल धुवून आटे तारेच्या ब्रशने घासावेत. गंज सोडविणारे तेल लावून रात्रभर मुरू द्यावे.
२) गाडी सपाट जागी उभी करावी. जॅकवर विसंबू नये. घोडी लावावी व उरलेल्या चाकांना दगड लावावेत.
३) उघड्या तोंडाच्या पान्याऐवजी रिंग पाना किंवा सॉकेट वापरावे. नट आधी किंचित आवळून मग सोडावा. अडला की परत फिरवून तेल द्यावे.
४) शॉकअपभोवती स्प्रिंग असल्यास वरचा मधला नट घरी खोलू नये. दाबलेली स्प्रिंग उसळून जीव जाऊ शकतो. असे काम जाणकार मिस्त्रीकडेच द्यावे.

तुटल्यावर
शॉकअप बदलायचाच असल्याने आधी नट छिन्नीने फोडावा किंवा करवतीने कापावा. शॉकअपला ज्योत लावू नये. आतील तेल व वायू तापून तो फुटू शकतो. तुकडा वर राहिला असेल, तर बॅटरीच्या तारा काढून त्यावर नट वेल्डिंग करून घ्यावा. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो. तुकडा आतच तुटला असेल, तर बरोबर मध्यभागी सेंटर पंच मारावा, बारीक छिद्रापासून वाढवत जावे आणि उलट्या आट्यांचे एक्स्ट्रॅक्टर हळू फिरवावे. ते आत तुटले तर साध्या ड्रिलने कापले जात नाही, म्हणून अडल्यास थांबून लेथवाल्याकडे जावे.

नवीन बोल्ट
बोल्ट मूळच्याच मापाचा व प्रतीचा घ्यावा. डोक्यावरील आकडा पाहावा. ४.६ प्रतीच्या बोल्टाची ताणशक्ती ८.८ च्या निम्मीच असते. आटे टॅपने साफ करावेत. रबरी बुश असलेला बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचा आवळावा, अन्यथा बुश पिळलेला राहून लवकर फाटतो. शॉकअप जोडीनेच बदलावेत.

हे काम माल भरण्याच्या आदल्या संध्याकाळी काढू नये. घाईतच बोल्ट तुटतात.