टांग्याची सरकती बैठक

दुचाकी टांग्याचा तोल आसावर असतो. भार मागे गेल्यास टांगा उलाळ होऊन तंग घोड्याच्या पोटाला काचतो. पुढे आल्यास तो धुरजड होऊन पाठ सोलवटते. सातारच्या चढावर भार मागे कलतो, उतारावर पुढे येतो. सांगलीच्या सपाटीवरही उतारू बदलताच तोल बदलतो. म्हणून बैठक दोन लाकडी पट्ट्यांवर सरकती ठेवावी व दर ५ सेंटिमीटरवरील भोकांत लोखंडी खीळ घालून पक्की करावी. खोगीर आसाच्या १५० सेंटिमीटर पुढे असल्यास, १२० किलो वजनाचे उतारू १० सेंटिमीटर पुढे घेतल्याने पाठीवरील भार ८ किलोंनी वाढतो. टांगा उभा असतानाच बैठक सरकवावी. उतारू बसल्यावर खोगिराजवळ दांड्या उचलून पाहाव्यात. थोड्या जोराने उचलल्या गेल्यास तोल योग्य समजावा. उसाच्या बैलगाडीसही हाच नियम लागू आहे.