वाट पाडणारी गोलंदाज

कापसाची शेवटची वेचणी आटोपली, पऱ्हाट्या उपटून झाल्या, की बुलढाणा जिल्ह्यातील गावोगावची शेते मोकळी होतात आणि तेथे चेंडूफळीचे डाव रंगू लागतात. पूर्वी अशा डावात मुलीला कोणी घेत नसे. घेतलीच तर दूर गेलेला चेंडू आणून देण्यापुरती. आता दिवस पालटले आहेत. क्रिकेट हा एखाद्या मुलीचा व्यवसाय होऊ शकतो, त्यासाठी तिला मानधन मिळते आणि तिचे नाव देशभर गाजते, हे आज लहान मुलांनाही ठाऊक आहे. परंतु ज्या वाटेने आजच्या मुली चालत आहेत, ती वाट प्रथम कोणी पाडली? ज्यांनी पाडली, त्यांपैकी एक पुण्याची गोलंदाज होती. तिचे नाव शुभांगी कुलकर्णी.

शुभांगीचा जन्म १९ जुलै १९५९ रोजी झाला. तिच्या बालपणी भारतात स्त्रियांच्या क्रिकेटला ना संघटना होती, ना स्पर्धा. १९७३ साली भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात स्त्रियांची पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. देश एवढा मोठा. पण स्पर्धेस संघ आले अवघे तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश! त्या वेळी शुभांगी तुमच्याच वयाची, म्हणजे तेरा वर्षांची होती. पुढे तीन वर्षांतच ती भारताच्या संघात दाखल होणार होती.

शुभांगीने जी गोलंदाजी आपलीशी केली, ती अत्यंत अवघड समजली जाते. तिला लेगस्पिन म्हणतात. वेगवान गोलंदाज लांबून धावत येतो आणि आपल्या वेगाने फलंदाजाला गोंधळवितो. लेगस्पिन टाकणाऱ्याजवळ तो वेग नसतो. त्याची सारी शक्ती मनगटात आणि बोटांत असते. चेंडू सोडताना तो मनगटाने त्याला असा पीळ देतो, की उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या पायांकडे आलेला चेंडू टप्पा पडताच बाहेरच्या बाजूस वळतो. कधी तोच गोलंदाज हात फारसा न बदलता चेंडू उलट दिशेस वळवितो. त्यास गुगली म्हणतात. ही कला हाती येण्यास वर्षे लागतात. पीळ किंचित कमी पडला, टप्पा थोडा चुकला, की फलंदाज तो चेंडू सहज सीमेपार धाडतो. म्हणून लेगस्पिन टाकणाऱ्यास हातातील कौशल्याइतकाच मनाचा धीर लागतो. चार चेंडू मार खाऊनही पाचवा चेंडू तितक्याच विश्वासाने टाकता आला पाहिजे.

१९७६ साली वेस्ट इंडीजच्या महिलांचा संघ भारतात आला. भारतीय महिलांची ही पहिलीच कसोटी मालिका. ३१ ऑक्टोबर रोजी बंगळूर येथे पहिला सामना सुरू झाला. शांता रंगस्वामी संघाच्या कर्णधार होत्या. त्या संघात सतरा वर्षांची शुभांगी होती. भारतातील स्त्रियांनी त्यापूर्वी कसोटी सामना खेळलाच नव्हता. त्यामुळे अनुभवाचे दोन शब्द सांगणारे वडीलधारे कोणी नव्हते. अशा वेळी या कुमारिकेने चेंडू हाती घेतला आणि पहिल्याच डावात पाच गडी बाद केले! त्याच मालिकेत, नोव्हेंबर महिन्यात, पाटण्याच्या मैदानावर भारतीय महिलांनी आपला पहिला कसोटी विजय मिळविला.

एवढ्या यशानंतर शुभांगीचे पुढील आयुष्य सुखाचे झाले असेल, असे तुम्हांस वाटेल. परंतु तसे घडले नाही. त्या काळी महिला खेळाडूंना मानधन नसे. उलट प्रवासासाठी आणि साहित्यासाठी पुष्कळदा पदरचे पैसे खर्चावे लागत. रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून दूरदूरचे प्रवास होत. मुक्कामास एखादी मोठी खोली मिळे आणि तेथे खेळाडू ओळीने अंथरुणे घालून झोपत. बॅटी मोजक्याच असत. त्या सर्वांनी मिळून वापरावयाच्या. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी हा संघ हसतमुखाने मैदानात उतरे.

या हालांहूनही मोठी कसोटी होती ती वाट पाहण्याची. जानेवारी १९७७ मध्ये भारताचा संघ न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथे एकेक कसोटी सामना खेळून आला. त्यानंतरचा कसोटी सामना केव्हा झाला असेल? तब्बल सात वर्षांनी, १९८४ मध्ये! मध्यंतरी १९७८ आणि १९८२ सालच्या विश्वचषक स्पर्धांत एकदिवसीय सामने तेवढे झाले. पुढे जुलै १९८६ पासून जानेवारी १९९१ पर्यंत, म्हणजे साडेचार वर्षे, भारतीय महिला एकही कसोटी सामना खेळल्या नाहीत. १९८८ सालच्या विश्वचषक स्पर्धेतही भारताचा संघ नव्हता.

मुलांनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. गोलंदाजाच्या अंगात बळ आणि हातात कला असण्याची वर्षे थोडी असतात. ती वर्षे अशी रिकामी जात होती. पुढचा सामना कधी होणार, होणार की नाही, हे कोणीच सांगू शकत नव्हते. अशा स्थितीत टिकून राहणे हे गडी बाद करण्याहून कठीण होते. १९७६ ते १९९१ या काळात भारतीय महिलांना एकूण २१ कसोटी सामने खेळावयास मिळाले. त्यांपैकी १९ सामन्यांत शुभांगी कुलकर्णी होत्या आणि त्यांनी ६० गडी बाद केले. मुंबईच्या डायना एडलजी या डावखुऱ्या फिरकी गोलंदाज त्यांच्या जोडीस असत. दोघींचाही चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून बाहेरच्या बाजूस वळे. या जोडीने भारताची गोलंदाजी दीर्घकाळ सांभाळली.

शुभांगीताईंच्या कामगिरीची दखल देशाने घेतली. १९८५ सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात तीनही कसोटी सामन्यांत त्या भारताच्या कर्णधार होत्या आणि तेथील एकही कसोटी सामना भारताने गमावला नाही. १९९१ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्ती घेतली.

पुष्कळ खेळाडू निवृत्त झाल्यावर मैदानाकडे पाठ फिरवितात. शुभांगीताईंनी मात्र त्यानंतरही खेळाची साथ सोडली नाही. पुढे त्या भारतीय महिला क्रिकेट संघटनेच्या चिटणीस झाल्या. संघटना जुनी होती, परंतु तिच्याजवळ पैसा नव्हता. पुरुषांच्या क्रिकेटचा कारभार पाहणारे नियामक मंडळ संपन्न होते. त्याच्यापाशी उत्तम मैदाने, शिक्षक आणि निधी होता. जगभर दोन्ही कारभार एकत्र आणण्याचे वारे वाहत होते. अखेर शुभांगीताई चिटणीस असतानाच, २००६ साली, महिलांची संघटना नियामक मंडळात विलीन झाली.

वरवर पाहता ही केवळ कागदोपत्री घडामोड वाटेल. परंतु विचार करा. संघटना विलीन करणे म्हणजे तिचे स्वतंत्र अस्तित्व आणि त्याबरोबर आपले पदही संपविणे. सत्तेचा मोह सोडून खेळाचे हित पाहिल्यावाचून असे कार्य तडीस जात नाही.

त्याची फळे हळूहळू दिसू लागली. २०१५ साली महिला खेळाडूंना मंडळाकडून वार्षिक करार मिळू लागले. २०२२ मध्ये मंडळाने भारतीय महिलांना पुरुषांइतकेच सामना-मानधन देण्याचे जाहीर केले: कसोटीस १५ लाख, एकदिवसीय सामन्यास ६ लाख आणि वीस षटकांच्या सामन्यास ३ लाख रुपये. २०२३ साली महिला प्रीमियर लीग सुरू झाली. त्या वर्षीच्या लिलावात कोमल झंझाड या डावखुऱ्या मध्यमगती गोलंदाजाला बंगळूरच्या संघाने २५ लाख रुपयांना घेतले. कोमल ही विदर्भ संघाची खेळाडू. बुलढाणा जिल्हाही त्याच विदर्भाचा भाग आहे. पुढे २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबई येथे भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून एकदिवसीय विश्वचषक प्रथमच जिंकला. त्या अंतिम सामन्यात पाच गडी बाद करणारी दीप्ती शर्मा हीदेखील फिरकी गोलंदाजच!

अनारक्षित डब्यातील प्रवास आणि हा विश्वचषक यांमध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचे अंतर आहे. जिने आपल्या तारुण्यात सामन्यांची वाट पाहिली, तिला पुढे मिळणाऱ्या मानधनाचा लाभ खेळाडू म्हणून कधीच झाला नाही. तरीही तिने खेळावरील निष्ठा ढळू दिली नाही. आंबा लावणारा त्याची फळे चाखतोच असे नाही. परंतु त्याने झाड लावले नसते, तर पुढील पिढीला सावलीही मिळाली नसती. आज ज्या मुलीच्या हाती नवा चेंडू आहे, तिने तो वळवावयास जरूर शिकावे. आणि तो आपल्या हाती येण्यासाठी कोणाकोणाचे हात झिजले, हेही जाणून घ्यावे.

अभ्यास

१. पुण्यातील १९७३ च्या स्पर्धेत किती संघ होते? त्यांची नावे सांगा.
२. लेगस्पिन टाकणाऱ्यास मनाचा धीर का लागतो?
३. ‘टिकून राहणे हे गडी बाद करण्याहून कठीण होते’, असे लेखकाने का म्हटले आहे?
४. २००६ साली कोणती घटना घडली? तिचा महिला खेळाडूंना काय लाभ झाला?
५. वाक्यात उपयोग करा: पाठ फिरविणे, तडीस जाणे, दखल घेणे.
६. तुमच्या गावात एखाद्या खेळाची किंवा कार्याची वाट प्रथम कोणी पाडली, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा व दहा ओळी लिहा.