रबर, सॉल्व्हर आणि ऋण संख्या

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रबराविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण एक्सेलमधील ज्या ‘सॉल्व्हर’वर आम्ही नफ्याची गणिते सोडवतो, तोच अभियांत्रिकीचे विद्यार्थीही वापरतात. गेल्या दिवाळीत मामेभाऊ प्रकल्प घेऊन आमच्याकडे आला. ट्रेलॉर यांनी १९४४ साली रबर ताणून घेतलेली मापे ऑग्डेन यांच्या १९७२ च्या सूत्रात बसवायची होती. “तुला सॉल्व्हर येतो ना? मग बस,” दादा म्हणाला.

सूत्रात तीन पदे. प्रत्येकात एक गुणक ‘ग’ व एक घातांक ‘घ’. रबर एका दिशेने ‘ल’ पट ताणले, की पदाची किंमत अशी: ‘ल’चा (घ−१) वा घात, उणे ‘ल’चा (−घ/२−१) वा घात, गुणिले ग. दोन्ही दिशांनी सारखे ताणल्यास घ/२ च्या जागी २घ येतो. मोजलेला ताण आणि सूत्राचा ताण यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज किमान करणारे सहा आकडे सॉल्व्हरने शोधायचे.

मी सहाही चौकटी रिकाम्या ठेवल्या. सॉल्व्हर तिथेच थांबला! घ शून्य असला की दोन्ही घात सारखे होऊन पदच नाहीसे होते. मग ग बदलून काय उपयोग? सर्वत्र १ भरला, तर तिन्ही पदे एकाच चालीने हलली. तीन असून एकच. निरनिराळे आकडे दिल्यावर एका दिशेचा आलेख सुरेख जुळला, पण त्याच आकड्यांनी काढलेला दोन दिशांचा आलेख फार खाली राहिला. दोन्ही मापे एकत्र दिली, तर एकही धड बसेना. थांबण्याची मर्यादा ०.०००१ वरून कितीतरी खाली आणली. वेळ गेला, उत्तर तेच.

“एका दिशेचाच आलेख लावतो. तो जुळतोय की,” दादा कंटाळून म्हणाला. मला ते पटेना.

घोळ एका खुणेत होता. चलांना ऋण होऊ न देण्याच्या पर्यायावर सॉल्व्हरमध्ये आधीच खूण असते. लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये कारखाना उणे चार खुर्च्या बनवत नाही, म्हणून तिच्याकडे मी कधी पाहिलेच नव्हते. ऑग्डेन यांचे गुणक मात्र ६.३, ०.०१२ आणि −०.१ (किलो प्रति चौरस सेंटिमीटर), तर घातांक १.३, ५ आणि −२. साडेचार पट ताणल्यावर तिसरे पद एका दिशेत जेमतेम ०.१ ची भर घालते. दोन दिशांत सुमारे २४ पैकी ९ त्याचेच! एका दिशेच्या आलेखात ही चूक दिसणार तरी कशी?

नुसती खूण काढून भागले नाही. धन बाजूकडून निघालेल्या पदाला वाटेत ते शून्य आडवे येते. तिसऱ्या पदाचे दोन्ही आकडे सुरुवातीलाच ऋण दिले, तेव्हा दोन्ही आलेख बसले. दादाने अहवालात दोन्ही लावले, आणि सुरुवातीचे आकडेही खाली लिहिले.