व्हीगन म्हणजे ॲलर्जीमुक्त नव्हे

क्रूझची सहल आता मराठी कुटुंबांना नवलाची राहिलेली नाही. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणारी बोट असो की सिंगापूरहून पेनांग, फुकेटला जाऊन येणारी, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना एकत्र जाता येतं, बॅगा एकदाच उघडाव्या लागतात आणि जेवणाखाण्याची चिंता नसते, म्हणून ती निवडली जाते. मात्र ज्या घरात सून किंवा मुलगा व्हीगन आहे आणि नातवाला शेंगदाण्याची, काजूची किंवा दुधाची ॲलर्जी आहे, त्या घराला ‘जेवणाची चिंता नाही’ हे लागू पडत नाही. अशा कुटुंबांना मला कळकळीनं एकच गोष्ट सांगायची आहे. या दोन गरजा एकाच वाक्यात सांगू नका, एकाच ओळीत लिहू नका आणि एकाच काउंटरवर भागवायला जाऊ नका. ‘आम्हाला व्हीगन आणि ॲलर्जीवालं जेवण हवं’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या लक्षात पहिला शब्द राहतो, आणि जिवाशी संबंध असतो तो दुसऱ्याचा.

व्हीगन माणसाचा प्रश्न असतो, या पदार्थात काय घातलं आहे? ॲलर्जी असलेल्याचा प्रश्न त्याच्या पुढे जातो. या पदार्थाला कशाचा स्पर्श झाला आहे, हे त्याला कळायला हवं असतं. दाल मखनीतला डाव चुकून साध्या आमटीत गेला, तर व्हीगन माणसाला वाईट वाटेल, त्यानं पाळलेलं तत्त्व दुखावेल, आणि तेही किरकोळ मानण्याचं कारण नाही. पण तीच आमटी दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाच्या पानात गेली तर श्वास कोंडू शकतो. २०१७ साली ब्रिटनमधल्या बाथ शहरात दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या एका महिलेचा मृत्यू झाला. तिनं खाल्लेल्या पदार्थात दूधविरहित म्हणून विकलं जाणारं नारळाचं दही होतं आणि त्या दह्यात दुधाचं प्रथिन मिसळलं गेलं होतं, असं २०२२ मधल्या अधिकृत चौकशीत स्पष्ट झालं. तिथली फूड स्टँडर्ड्स एजन्सी, म्हणजे अन्नसुरक्षेचं सरकारी खातं, ग्राहकांना बजावून सांगते की व्हीगन हे लेबल ॲलर्जी असलेल्यांसाठी हमी मानू नका. हे दुकानातल्या बंद पाकिटाबद्दल झालं. बोटीवरच्या उघड्या ताटल्यांबद्दल तर हे अधिकच खरं आहे.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. व्हीगन स्वयंपाकात दूध, अंडी, मांस वगळलं की त्यांची जागा कुणीतरी घेतं. सायीच्या जागी काजूची पेस्ट येते, दुधाच्या जागी बदाम किंवा सोयाबीन, चीजच्या जागी पुन्हा काजू, मांसाच्या जागी सोया किंवा गव्हातलं ग्लूटेन, आणि सॅलडवर तिळाची ताहिनी. म्हणजे दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला व्हीगन काउंटर निदान कागदावर तरी जवळचा वाटेल, पण सुक्यामेव्याची किंवा तिळाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी संपूर्ण बुफेतला तोच सर्वांत धोक्याचा कोपरा असू शकतो. आपल्या घरचंच पाहा. भरली वांगी, अळूचं फदफदं, तेलावर परतलेली साबुदाण्याची खिचडी, हे पदार्थ व्हीगन माणसानं निर्धास्त खावेत असे, आणि प्रत्येकात शेंगदाणा आहे, कुठे कूट म्हणून, कुठे अख्खा. फोडणीत मोहरी आहे. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, हे गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिॲक असलेल्यांनी विसरून चालत नाही. बोटीवर ‘इंडियन व्हीगन’ म्हणून जी रस्साभाजी मिळते तिचा दाटपणा कशानं आला, हे विचारल्याशिवाय ती मुलाच्या पानात वाढू नये.

किनाऱ्यावर उतरल्यावरही हेच. फुकेटमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेली दुकानं दिसतात. तिथल्या धार्मिक परंपरेप्रमाणे त्यांत मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, त्यामुळे व्हीगन प्रवाशाला ती मोठा आधार आहेत. पण त्याच जेवणात सोया, गव्हाचं ग्लूटेन आणि शेंगदाणे सढळ हातानं वापरलेले असू शकतात. पेनांगमध्ये उलटा प्रकार होतो. पालेभाजी म्हणून समोर आलेल्या डिशमध्ये ‘बेलाचान’, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, मिसळलेला असतो. ती व्हीगन माणसालाही नको आणि कोळंबीची ॲलर्जी असलेल्यालाही नको. ॲलर्जी असलेल्या मुलानं बंदरावर उघडं काही खाऊ नये, बोटीवरून खाऊन उतरावं आणि परत येऊन खावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानं सहलीची मजा थोडी कमी होते, हे मान्य.

‘बुफेत प्रत्येक पदार्थापुढे पाटी असते की,’ असं यावर सांगितलं जातं. असते, आणि ती उपयोगाचीही आहे. पण त्या पाटीवर काय लिहायचं हे कुठल्या यादीवरून ठरलं, ते देशागणिक बदलतं. युरोपीय संघाच्या नियमांत १४ ॲलर्जीकारक पदार्थ आहेत, त्यांत तीळ आणि मोहरी दोन्ही येतात. अमेरिकेच्या यादीत ९ आहेत. तिथे तीळ १ जानेवारी २०२३ पासून बंधनकारक झाला, मोहरी अजून नाही. आपल्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत शेंगदाणा, सुकामेवा, दूध, अंडी, मासे, सोया, ग्लूटेनयुक्त धान्यं वगैरे आहेत, पण तीळ आणि मोहरी नाहीत. शाकाहाराची हिरवी खूण तर दूध चालवून घेतेच. तेव्हा ‘यात ॲलर्जन आहेत का?’ असा मोघम प्रश्न विचारून उपयोग नाही. पदार्थाचं नाव घेऊन विचारावं: यात तीळ आहे का, तिळाचं तेल आहे का, हा ब्रेड तिळाच्या ब्रेडशेजारी कापला का?

आणि पाटी खरी असली तरी बुफे तिचं खरेपण टिकवू शकत नाही. सकाळी नाश्त्याच्या वेळी दहा मिनिटं नुसतं उभं राहून पाहावं. अक्रोडाच्या केकचा चिमटा साध्या पावाच्या टोपलीत पडलेला असतो. पीनट बटर लावलेली सुरी जॅमच्या वाटीत जाते. टोस्टरमधून गव्हाचा, तिळाचा, ओटचा असे सगळे ब्रेड एकाच जाळीवरून सरकत येतात. लाइव्ह काउंटरवर एकाच तव्यावर आधी चीजचं ऑम्लेट होतं, मग ‘व्हीगन’ भाज्या परतल्या जातात, आणि बटाट्याचे काप तळले जातात त्याच तेलात कोळंबी तळलेली असते. यात बोटीवरच्या कुणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही. हजारो प्रवासी स्वतःच्या हातानं वाढून घेतात तिथे हे होणारच. म्हणून ॲलर्जी असलेल्यानं बुफेत जेवू नये, मुख्य डायनिंग रूममध्ये टेबलावर बसून जेवावं, हा नियम मी कुठलाही अपवाद न ठेवता सांगते. व्हीगन सदस्याला बुफे खुशाल चालेल, तिथे त्याला वाटाघाटी न करता पोटभर मिळतं. कुटुंबानं दोघांना एकाच तराजूत घालण्याचं काहीच कारण नाही.

डायनिंग रूममध्ये कामाची पद्धत निराळी असते. अनेक बोटींवर ठरलेल्या वेळेचं जेवण आणि ‘केव्हाही या’ असं जेवण असे दोन पर्याय असतात. पैकी ठरलेली वेळ निवडावी, कारण मग रोज तेच टेबल आणि तोच वेटर मिळतो. पहिल्याच दिवशी, जेवणाच्या गर्दीआधी, हेड वेटरला किंवा मेत्र-दला, म्हणजे डायनिंग रूमच्या प्रमुखाला, भेटून लेखी कार्ड द्यावं. अशा प्रवाशांना बहुधा रात्रीचं जेवण संपताना दुसऱ्या दिवशीचा मेन्यू दाखवला जातो. त्यातून निवडलेला पदार्थ स्वयंपाकघरात वेगळ्या भांड्यात करता येतो. ऐनवेळी मागितलेल्या बदलात आणि आदल्या रात्री नोंदवलेल्या पदार्थात सुरक्षिततेचा मोठा फरक आहे, कारण दुसऱ्यामागे लेखी नोंद असते आणि जबाबदार माणूस असतो. अर्थात त्याआधी बुकिंगच्या वेळीच कंपनीच्या विशेष आहार विभागाला कळवलेलं असावं. काही कंपन्या त्यासाठी प्रवासाच्या कित्येक आठवडे आधीची मुदत घालतात.

इथे आपल्या लोकांची एक अडचण होते. बोटीवर गोव्याचा, वसईचा, मुंबईचा कर्मचारी भेटतो, कोकणी किंवा मराठी ऐकून दोघांनाही आनंद होतो, आणि ‘काळजी करू नका ताई, मी बघतो’ या शब्दांवर आपण निश्चिंत होतो. त्याची आपुलकी खरी असते. पण त्याची पाळी संपते, सुट्टी असते, आणि स्वयंपाकघरात तवा दुसऱ्याच्या हातात असतो. तोंडी शब्द त्या तव्यापर्यंत पोचत नाही, कागद पोचतो. कार्ड इंग्रजीत असावं, त्यावर मुलाचं नाव, केबिनचा क्रमांक आणि ॲलर्जीचा पदार्थ ठळक अक्षरांत असावा. व्हीगन सदस्याचं कार्ड वेगळं. रोज कार्ड पुढे करायला भीड वाटते, हे मला ठाऊक आहे, पण ही भीड सोडायलाच हवी.

त्याच प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. नुसतं ‘व्हीगन’ म्हटलं तर मनावर घेत नाहीत, म्हणून ‘दुधाची ॲलर्जी आहे’ असं सांगण्याची युक्ती काहीजण करतात. कृपा करून ती करू नका. ज्या बाईनं ॲलर्जी सांगितली तीच रात्री आइस्क्रीम खाताना दिसली, की पुढच्या खऱ्या ॲलर्जीवाल्या मुलाचं कार्ड वेटर गांभीर्यानं घेत नाही. दूध पचत नसणं आणि दुधाची ॲलर्जी असणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत, त्यांची नावंही वेगळीच सांगावीत. तसंच ‘जैन जेवण’ मागितलं की व्हीगन मिळेल, हाही गैरसमज आहे. त्यातून कांदा, लसूण, कंदमुळं वगळली जातात, दूध-तूप राहतं.

‘आपण आपलं घेऊन जाऊ’ हा आपला हुकमी उपाय. पण बहुतेक क्रूझ कंपन्या घरी शिजवलेलं अन्न बोटीवर येऊ देत नाहीत, आणि केबिनमध्ये किटली किंवा इंडक्शन शेगडी वापरायला आगीच्या भीतीनं सक्त मनाई असते. कारखान्यातून सीलबंद आलेली, घटकांची यादी छापलेली पाकिटं सहसा चालतात. गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमा अडीनडीला बरे, पण त्यांतही शेंगदाणे आणि काजू असतात, तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचून घ्या. ही पाकिटं अडचणीपुरतीच, रोजच्या जेवणाची व्यवस्था म्हणून नकोत.

सर्वांत कठीण आक्षेप घरातूनच येतो. ‘आमच्या वेळी नव्हत्या असल्या ॲलर्ज्या, थोडं थोडं दिलं की सवय होते,’ असं आजी-आजोबा म्हणतात, आणि त्यामागे माया असते. गंमत अशी की या म्हणण्यात सत्याचा एक अंश आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ या ब्रिटिश संशोधनात ६४० तान्ह्या मुलांचा अभ्यास होता. ज्यांना लहानपणापासून शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळलं. पण तो उपाय ॲलर्जी होऊ नये म्हणून होता. ॲलर्जी झालेल्या मुलाला सवय लावायची असेल, तर ते काम रुग्णालयातल्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली होतं, बोटीवरच्या जेवणाच्या टेबलावर नव्हे. हे संभाषण घरी, निघण्याआधी व्हावं. बोटीवर नातवाच्या तोंडात लाडूचा तुकडा गेल्यावर नको.

समुद्रावर या सगळ्याला एक वेगळं गांभीर्य येतं ते वेळेमुळे. अन्नाच्या ॲलर्जीनं झालेल्या मृत्यूंचा ब्रिटनमधला २००० सालचा अभ्यास सांगतो, की खाल्ल्यापासून हृदय किंवा श्वास बंद पडेपर्यंत मध्यक कालावधी अवघा ३० मिनिटांचा होता. बोटीवर डॉक्टर असतो, तीव्र ॲलर्जीत तातडीनं टोचायचं ॲड्रेनलिनही असतं. पण दवाखाना बहुधा खालच्या डेकवर, बुफे वरच्या, आणि जेवणानंतर लिफ्टपुढे रांग. अतिदक्षता विभाग असलेलं मोठं रुग्णालय तर पुढच्या बंदरावर. म्हणून तीव्र ॲलर्जीचा इतिहास असेल तर ॲड्रेनलिन स्वतःजवळ हवं, केबिनच्या तिजोरीत नव्हे, आणि एक नव्हे तर दोन मात्रा. त्याचे ऑटो-इंजेक्टर, म्हणजे स्वतःच टोचता येणारी तयार इंजेक्शनं, भारतात सहजासहजी मिळत नाहीत. त्यामुळे काही महिने आधी ॲलर्जीतज्ज्ञाला भेटून काय न्यायचं, मुलाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं टोचायचं, हे आई-वडिलांनी शिकून घ्यावं, विमानासाठी डॉक्टरांचं पत्रही घ्यावं. ॲलर्जीची गोळी ही ॲड्रेनलिनला पर्याय नाही. ती दिली आणि वाट पाहिली, यातच मोलाची मिनिटं जातात. इंजेक्शननं बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी लक्षणं उलटू शकतात. प्रवासविम्यात ही ॲलर्जी जाहीर केलेली असावी. समुद्रावरून रुग्ण हलवण्याचा खर्च कुटुंबाला झेपणारा नसतो.

आपल्या मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांना एक विनंती करते. तुमच्या अर्जावर ‘व्हेज, नॉनव्हेज, जैन’ असे तीन चौकोन असतात. त्यांत चौथा ‘व्हीगन’ हा वाढवाच. पण त्या ओळीच्या खाली, वेगळ्या रकान्यात, प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्रपणे विचारा: कुठल्या पदार्थाची ॲलर्जी आहे, पूर्वी काय त्रास झाला होता, ॲड्रेनलिन सोबत आहे का? आणि ते उत्तर बोट सुटण्यापूर्वी जहाजाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलं की नाही, याची लेखी पोच त्या कुटुंबाच्या हातात द्या.